ऐन ओळखायचा कसा? नुसतं खोड बघून नाही

सह्याद्रीत फिरणाऱ्या बहुतेकांना ऐनाचं झाड एकाच खुणेवर माहीत असतं. काळपट खोड, उभ्या खोल भेगा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या चिरा, आणि त्यामुळे सालीचे पडलेले चौकोनी तुकडे, अगदी मगरीच्या पाठीसारखे. इंग्रजीत याला क्रोकोडाइल बार्क म्हणतात आणि ट्रेकवर कुणीतरी ते सांगतंच सांगतं. खूण खोटी नाहीये. पण तेवढ्यावर "हा ऐन" म्हणून मोकळं व्हायचं म्हणजे जरा घाईच, कारण साधारण तसंच खोड टेंभुर्णीलाही असतं, आणि तरुण ऐनाला तसं खोड नसतंच मुळी.

टेंभुर्णी म्हणजे तेंदू, ज्याच्या पानाच्या विड्या वळतात तो. काळं खोड, चौकोनी खवले, सगळं तेच. विदर्भातल्या जंगलात तर दोघं शेजारी शेजारी उभे असतात आणि उन्हाळ्यात दोघांवर धड पान नसेल तर नवखा माणूस हमखास फसतो. आणि कोवळा ऐन बघाल तर खोड करड्या रंगाचं, भेगा जेमतेम सुरू झालेल्या, मगर वगैरे काही नाही. म्हणजे खोडावरून फार तर म्हातारा ऐन कळतो, तोही शेजारी टेंभुर्णी नसेल तर.

नावांचं एकदा उरकून घेऊ. कोकण-देशावर ऐन, नाशिक-ठाण्याच्या पट्ट्यात सादडा, हिंदीत साज, गोव्यात आणि कर्नाटकात मत्ती. काही ठिकाणी असणाही म्हणतात, पण असाणा नावाचं दुसरं एक झाड आहे, लहानपणी खोडाला काटे असणारं, त्यात आणि यात गोंधळ नको. शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकांत टर्मिनालिया टोमेंटोसा, कुठे क्रेन्युलाटा, कुठे अलाटा सापडेल, आता टर्मिनालिया एलिप्टिका म्हणतात. एवढी नावं पडायचं एक कारण म्हणजे झाडाच्या पानावरची लव जागेप्रमाणे कमी-जास्त असते, काही भागात भरपूर, किनाऱ्याकडच्या झाडांना कधी जवळजवळ नाहीच, आणि जुन्या लोकांनी ती सगळी वेगवेगळी झाडं धरली.

हे टर्मिनालिया घराणं मात्र लक्षात ठेवा, कारण खरी गडबड तिथे आहे. आपल्याकडे ऐन, किंजळ, अर्जुन, बेहडा, हिरडा हे सगळे सख्खे. शहरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल पानं गाळणारा बदाम पण त्यातलाच. आता या भावंडांत ऐन वेगळा कसा काढायचा? माझ्या मते वर बघण्याआधी खाली बघायचं. झाडाखाली.

ऐनाचं फळ कोरडं असतं, खायचं नाही, आणि त्याला पाच पंख असतात. मधे कडक लाकडासारखा गाभा आणि त्याच्या भोवती उभे पाच रुंद, चपटे पंख. कमरख आडवं कापल्यावर चांदणी दिसते ना, तशी चांदणी याला टोकाकडून बघितलं की दिसते. लांबी साधारण ४ ते ५ सेंटिमीटर. हे फळ हातात घ्या आणि एक पंख उजेडासमोर धरा. त्यावर बारीक बारीक रेघा दिसतील, गाभ्यापासून निघून सरळ आडव्या कडेपर्यंत गेलेल्या. ही रेघ महत्त्वाची आहे, कारण अर्जुनाच्या फळालाही पाचच पंख असतात, फक्त ते अरुंद आणि जाड, आणि त्यांच्यावरच्या रेघा सरळ न जाता वरच्या बाजूला वळत जातात. दोन्ही फळं एकदा शेजारी ठेवून बघितली की पुन्हा चूक होत नाही.

किंजळाचं फळ लहान, त्याला एक पंख मोठा आणि दोन छोटे. बेहड्याला पंखच नाहीत, करडं, मखमली लव असलेलं गोलसर फळ. हिरड्यालाही पंख नाहीत, तो आपल्याला काष्ठौषधीच्या दुकानातून माहीत असतोच, सुकल्यावर उभ्या कंगोऱ्यांचा. म्हणजे कसंय, पंख मोजले की अर्धं काम झालं: पाच रुंद म्हणजे ऐन, पाच अरुंद म्हणजे अर्जुन, एक मोठा दोन छोटे म्हणजे किंजळ, काहीच नाही म्हणजे बेहडा नाहीतर हिरडा. आणि ही फळं लवकर कुजत नाहीत, पाचोळ्यात पडून राहतात, नुसते पंखांचे तुकडे उरले तरी ओळखू येतात. टेंभुर्णीचा प्रश्न तर इथेच मिटतो, तिचं फळ गरवालं, पिकल्यावर पिवळं, आणि देठाजवळ जाड पाकळ्यांसारखी टोपी घट्ट बसलेली.

फक्त एक काळजी घ्यायची, खाली पडलेलं फळ त्याच झाडाचं आहे ना ते बघायचं. पंख आहेत म्हणजे ते वाऱ्याने जायलाच बनलंय. एखादं सापडलं तर शेजारच्या झाडाचं असू शकतं, बुंध्याभोवती खच असेल तर मग शंका नको.

आता वर्षभराचं बघू. मी उन्हाळ्यापासून सुरू करतोय कारण ऐनाचं वर्ष तिथूनच फिरतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळायला लागतात आणि पुढे काही आठवडे झाड उघडं राहतं. बहुतेकांना वाटतं पान नाही म्हणजे ओळखणार कसं, पण उलट हाच सगळ्यात सोपा काळ आहे. मागच्या पावसात धरलेली फळं या दिवसांत पिकून तपकिरी झालेली असतात आणि उघड्या फांद्यांवर झुपके लटकलेले असतात, खालूनसुद्धा पंख दिसतात. मोबाईलचा कॅमेरा झूम करा, दुर्बीण असेल तर प्रश्नच नाही. खोडही याच दिवसांत नीट बघता येतं, आजूबाजूची झुडपं सुकलेली असतात. जाड साल कशासाठी ते पण तेव्हाच कळतं, वणवा जाऊन गेलेल्या उतारावर बारकी झाडं करपलेली आणि ऐन बुंध्याशी नुसता काळा झालेला दिसतो, आतलं जिवंत लाकूड सालीमुळे वाचलेलं. वणव्याच्या जागी टिकून राहणाऱ्या झाडांत तो असतोच.

याच काळातला तो पाण्याचा व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला असेल. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी एका झाडाच्या खोडावरच्या फुगवट्याला चीर दिली आणि पाण्याची धार उडाली. ते झाड ऐनच. तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींनी ही माहिती दिली होती. खोडात असा फुगवटा असलेले काही ऐन उन्हाळ्यात पाणी साठवून असतात हे खरं आहे, पण सगळेच नाही, आणि ओळखायची परीक्षा म्हणून कोयता लावत सुटायचं हे तर अजिबात नाही. व्हिडिओ व्हायरल झाला की आपल्याकडे लोकांना लगेच करून बघायचं असतं, म्हणून आधीच सांगितलं. जखम झालेल्या खोडात कीड आणि बुरशी शिरते आणि झाडाला ते पुढे कित्येक वर्षं पुरतं.

विदर्भात असाल तर उघड्या फांद्यांवर अजून एक गोष्ट शोधा. अंड्याच्या आकाराचा, करडा-पिवळट, टणक कोष, आणि तो फांदीला एका कडक देठाने टांगलेला, देठाच्या टोकाला फांदीभोवती कडं. हा टसर रेशमाचा कोसा. टसरची अळी ऐन आणि अर्जुनाचा पाला खाते. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात ढिवर समाजातले लोक पिढ्यान्पिढ्या जंगलातल्या उभ्या झाडांवर या अळ्या वाढवत आलेत. तुतीचं रेशीम घरात ट्रेमध्ये होतं, हे मात्र झाडावर, उघड्यावर, त्यामुळे पाखरं आणि मुंग्या यांच्यापासून दिवसभर राखण करावी लागते. पण नुसत्या कोशावरून झाड ठरवू नका, बोरीवरही तो सापडतो. ऐनाचा संशय पक्का करायला उपयोगी, एवढंच.

एप्रिल-मे मध्ये, पाऊस यायच्या आधीच, नवी पालवी येते. आजूबाजूला सगळं रखरखीत आणि हा पाण्याची वाट न बघता फुटतो. कोवळ्या पानाला खालून लव असते, बोट फिरवलं की मऊ लागतं, पुढे पान जून होत जातं तशी ती बरीचशी झडते आणि पान चामड्यासारखं जाड होतं. वर म्हटलं तसं लव कमी असली म्हणजे ऐन नाही असं मात्र धरू नका.

फुलं मे-जूनपासून, म्हणजे पावसाच्या तोंडावर. ती बघायला कुणी मुद्दाम जाणार नाही. पाकळ्या नाहीतच, मळकट पिवळसर-पांढरी बारीक फुलं लांब तुऱ्यात येतात, लांबून नुसतं झाड जरा फिकट दिसतं. पण तारीख लिहून ठेवा, कारण पुढे ती कामाला येते.

पावसाळ्यात झाड पूर्ण भरलेलं असतं आणि मग पान हातात घेऊन बघायची वेळ. पानं समोरासमोर किंवा जवळजवळ समोरासमोर, लंबगोल, वीतभरापर्यंत लांब. आता पान उलटं करा. मधली शीर देठाकडे कुठे संपते तिथे बघा, अगदी देठाच्या वर. तिथे एक किंवा दोन बारीक गाठी दिसतील, मोहरीएवढ्या, आणि त्या पानाला चिकटून सपाट बसलेल्या नसतात, आखूड देठावर उचललेल्या असतात, नखाने चाचपलं तरी कळतात. या ग्रंथी. ताज्या पानावर त्यातून गोडसर रस येतो आणि म्हणून तिथे मुंग्या घुटमळताना दिसतात. जुन्या पानावर त्याच सुकून काळ्या पडलेल्या असतात. किंजळाला आणि अर्जुनालाही पानाच्या बुडाशी ग्रंथी असतात, म्हणून "गाठ आहे म्हणजे ऐन" असं नाही, गाठ उचललेली आहे का ते बघायचं. टेंभुर्णीला मात्र अशी गाठच नसते, त्यामुळे पान खाली पडलेलं मिळालं तरी त्या दोघांचा निकाल लागतो.

घाटमाथ्यावर पावसात ऐनाचं खोड बघणं हा वेगळाच कार्यक्रम आहे. भेगांमध्ये ओल धरते, शेवाळ येतं, आणि त्यावर ऑर्किडं बसलेली असतात. गुळगुळीत सालीच्या झाडावर त्यांना पाय रोवायला जागा मिळत नाही, ऐनावर मिळते. राधानगरी-चांदोलीकडे किंवा गोव्याच्या घाटात मे-जूनमध्ये फुललेलं आमर, म्हणजे असंच एक ऑर्किड, दिसलं तर ते कुठल्या झाडावर आहे तेही बघत जा, ऐन किंवा किंजळ निघायची शक्यता बरीच.

किंजळाचं एवढं नाव घेतोय कारण कोकणात आणि घाटात खरा गोंधळ त्याच्याशीच होतो. उंची तीच, बांधा तोच, खोड गडद, फक्त भेगा ऐनाएवढ्या खोल नाहीत, आणि गावातला माणूस सुद्धा लांबून बघून कधीकधी थांबतो. यांना वेगळं करायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पाऊस सरता सरता. ऐन पावसाच्या सुरुवातीला फुलून मोकळा झालेला असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर हिरवी पंखवाली फळं मोठी होत असतात. किंजळ तेव्हा फुलतो. आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये किंजळाची फळं तांबूस होतात, इतकी भरपूर की अख्खा शेंडा गंजल्यासारखा तांबडा दिसतो. कोकण रेल्वेच्या खिडकीतून किंवा एखाद्या घाटातून गाडीने उतरताना समोरच्या उतारावर हिरव्यात जे तांबडे ठिपके दिसतात त्यातले बरेचसे किंजळ असतात. लोकांना वाटतं पानं लाल झालीत. पानं नाहीत, फळं आहेत. ऐन त्याच उतारावर तेव्हा मळकट हिरवा असतो, त्याची फळं उन्हाळ्यापर्यंत सावकाश पिकणार.

म्हणून म्हटलं फुलायची तारीख लिहून ठेवा. एकाच झाडाला जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये भेट दिलीत तर किंजळ आणि ऐन यात वाद उरत नाही. ॲपवाल्यांचं इथेच चुकतं, त्यांना एकाच दिवसाचा एकच फोटो देतो आपण, तोही बहुतेक वेळा पानाच्या वरच्या बाजूचा, जी या घराण्यात सगळ्यात निरुपयोगी बाजू आहे. फोटो काढायचाच तर पानाच्या खालच्या बाजूचा देठासकट काढा, फळाचा काढा, खोडाचा काढा, आणि तारीख राहू द्या.

अर्जुनाचा गोंधळ त्या मानाने किरकोळ. तो बहुतेक नदी-ओढ्याच्या काठाला, खोड गुळगुळीत, फिकट करडं-पांढरट, साल पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. शहरात रस्त्याकडेला लावलेला असतो तो अर्जुनच, ऐन तिथे क्वचित. बेहड्याची पानं मोठी, लांब देठाची आणि फांदीच्या टोकाला गोळा झालेली, त्यामुळे तो लांबूनच वेगळा पडतो. हिरड्यासाठी भीमाशंकर, महाबळेश्वर, जुन्नर-आंबेगावकडे जा, तिथल्या लोकांना विचारा, ते तुम्हाला दहा खुणा सांगतील.

कोकणात अजून एक अडचण येते जी पुस्तकात लिहिलेली नसते. पुस्तकातला ऐन उंच, डेरेदार, २५-३० मीटरचा. आणि रत्नागिरी-रायगडच्या भातशेतीच्या कडेला जो ऐन उभा असतो त्याला फांद्याच नसतात. सरळ खोड, त्यावर कापलेल्या फांद्यांची खुंटं, आणि प्रत्येक खुंटातून फुटलेल्या पानांचा झुबका. हे कवळतोडीमुळे. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, पेरायच्या जागी पालापाचोळा, शेण, गवत पसरून भाजतात, भाजावळ म्हणतात, मावळात आणि ठाण्याकडे राब म्हणतात, त्यासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जातात. ऐन पुन्हा जोमात फुटतो म्हणून तो या कामाला आवडता. पण अशा झाडावर फुलं-फळं कमीच धरतात, नव्या फुटीची पानं कधी नेहमीपेक्षा मोठी येतात, आकार तर काही उरतच नाही. म्हणजे खाली बघायची आपली युक्ती इथे चालत नाही. मग पान उलटं करून गाठ बघणं आणि खोडाची साल, या दोनच गोष्टी हातात राहतात, आणि दोन्ही मिळून पुरेशा होतात. शेतकऱ्याला विचारणं हा तिसरा उपाय, आणि खरं तर तोच पहिला करायला हवा, ज्याने वीस वर्षं त्याच झाडाची कवळ तोडलीय तो चुकत नाही.

लाकडावरूनही ओळखता येतो, जुन्या घरात. आतला गाभा तपकिरी, त्यात गडद, जवळजवळ काळ्या रेघा, बाहेरचं लाकूड फिकट आणि दोघांमधली हद्द स्पष्ट. जड आणि कठीण, खिळा ठोकताना सुताराच्या शिव्या ऐकू येतात. वासे, खांब, बैलगाडीचे भाग, शेतीची अवजारं यात तो भरपूर वापरला गेलाय, रेल्वेच्या स्लीपरलाही. दोष एकच, घाईने वाळवला तर वरून तडकतो, म्हणून ऐनाच्या जुन्या खांबावर उभ्या बारीक चिरा दिसल्या तर ती कीड नव्हे. सालीच्या राखेत चुन्याचं प्रमाण इतकं असतं की पूर्वी काही भागात ती विड्याला चुन्याऐवजी लावत.

आणि हो, आपल्या खाजगी जमिनीतलं झाड असलं तरी ऐन की आणखी काही हे नीट माहीत असणं कामाचं आहे. महाराष्ट्रातल्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन आणि किंजळ दोन्ही आहेत, तोडायच्या आधी परवानगी लागते. ठेकेदार "जंगली झाड आहे हो" म्हणतो आणि कोयता-करवत घेऊन हजर होतो, पण पुढे चौकशीत झाडाचं नाव विचारलं गेलं तर दंड कुणाला होणार ते जमीनमालकालाच कळतं.

शेवटचं, रोपांबद्दल. नर्सरीतल्या फूटभर रोपाला ना खोड असतं ना फळ, सगळं पानावर. ऐनाच्या कोवळ्या पानाला बहुधा खालून लव, पान रुंदसर. अर्जुनाचं पान लांबट आणि गुळगुळीत. दोन्हींवर गाठी असतात आणि एवढ्याशा रोपावर त्या नीट कळतीलच असं नाही, म्हणून नर्सरीवाल्याला सरळ विचारा की बी कुठल्या झाडाचं आणलं, शिल्लक फळ असेल तर दाखवायला सांगा. ऐन डोंगरउतारावर, काळ्या चिकण जमिनीतही चालतो. आणि चार वर्षांनी साल पांढरी निघून तो अर्जुन ठरला तरी उपटू नका, विहिरीच्या किंवा ओढ्याच्या अंगाला असेल तर तो तिथे ऐनापेक्षा बरा वाढेल.